मिस्त्रीच्या मुलीची साक्ष

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे: कोल्हापुरातली रस्त्याकडेची गॅरेजं हटवावीत का. एका वर्गमित्राचं म्हणणं, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरळ भंगारात घाला, म्हणजे त्यांच्यावर जगणारी ही कळकट गॅरेजंही आपोआप बंद होतील. इथवर मी गप्प होते. मग मी जर्मनीत राहते म्हणून त्याने मलाच साक्षीला ओढलं. ‘जर्मनीत रस्त्यावर कुठे गॅरेज दिसतं का? तूच सांग यांना.’

नाही दिसत. आता साक्ष काढलीच आहे तर पुरती ऐका.

माझे वडील, अण्णा, उद्यमनगराच्या बाजूला एका गॅरेजमध्ये मिस्त्री होते. मालक दुसरा, हात अण्णांचे. आधी फियाट आणि अँबॅसॅडर, पुढे वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी भरणाऱ्या, ट्रॅक्स जीप. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि व्हॉल्व्ह उघडणारा कोणता टॅपेट वाजतोय ते सांगायचं. इंजिनाचं हेड खोलायच्या आधी निदान तयार. गिऱ्हाईक डॉक्टर असो की वकील, अण्णा ‘थांबा जरा’ म्हणाले की थांबायचं. ग्रुपवर आज ‘गॅरेजवाले लुबाडतात’ लिहिणाऱ्यांपैकी निदान दोघांच्या वडिलांच्या गाड्या अण्णांनी उधारीवर चालत्या ठेवल्यात. नावं घेत नाही.

पंधरा वर्षांचं म्हणाल तर इथे स्टुटगार्टमध्ये गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात राखलेली असली की तिला मानाची ‘एच’ नंबरप्लेट मिळते. वर्षाला ठरावीक १९१ युरो ७३ सेंट कर. उन्हाळ्यात या गाड्या द्राक्षमळ्यांच्या रस्त्याने निघतात आणि लोक थांबून हात करतात. जुन्या डिझेल गाड्यांवर याच शहरात २०१९ मध्ये बंदी आली, हेही खरं. पण तो मुद्दा ग्रुपवर कुणी काढला नाही, मग मी कशाला काढू?

गंमत म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा याच मंडळींनी काळ्या-पिवळ्या गाडीचे फोटो टाकून उसासे सोडले होते. गहिवर सगळा पत्र्यासाठी. तो पत्रा वीस वर्षं रस्त्यावर ठेवणाऱ्या मिस्त्रीचा उल्लेख कुठेही नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात त्या गाड्या बांधल्या. पुढे त्यांचंच नाव असलेल्या सांगलीच्या कॉलेजात मी इंजिनिअर झाले, याचं अण्णांना फार अप्रूप. ‘गाडीबी त्यांचीच, कॉलेजबी त्यांचंच,’ असं गिऱ्हाइकांना सांगायचे.

गाडी दुरुस्त झाली की ट्रायल मारावी लागते. अण्णांची रविवारची ट्रायल सांगलीपर्यंत यायची. पेट्रोल स्वतःच्या खिशातलं, शेजारच्या सीटवर आईने दिलेला डबा. होस्टेलच्या फाटकाशी दर वेळी वेगळी गाडी बघून मैत्रिणींना वाटायचं, यांच्या घरी गाड्याच गाड्या. फोर-स्ट्रोक इंजिन मी पुस्तकाआधी त्यांच्या मुठीवर शिकले होते. त्यांची वळलेली मूठ म्हणजे पिस्टन: मूठ खाली, मूठ वर, ठिणगी, धूर. परीक्षेत तो प्रश्न आला की माझा उजवा हात आपोआप हलायचा.

आता तुमच्या लाडक्या परदेशाबद्दल. इथे गाडी दुरुस्तीचा हा धंदा शिकायला साडेतीन वर्षं लागतात, थोडे दिवस शाळेत आणि बाकीचे वर्कशॉपमध्ये, पहिल्या महिन्यापासून पगार घेऊन. पुढे माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा. माइस्टर आणि बॅचलरची पदवी, दोन्ही पात्रतेच्या सरकारी चौकटीत एकाच पायरीवर आहेत, सहाव्या. माझ्या ऑफिसात वडील माइस्टर होते हे लोक ताठ मानेने सांगतात. वर्कशॉपची फरशी आमच्या सोसायटीच्या जिन्यापेक्षा स्वच्छ असते, आणि आमच्या जिन्याला केअरवोखं आहे, म्हणजे रहिवाशांनी आठवड्याच्या पाळीने झाडायचा नियम. त्या स्वच्छतेमागे तासाला शंभर युरोच्या वर मजुरी आहे. देणार? चहा पाजून ‘मिस्त्री, कायतरी कमी करा’ म्हणणारे तुम्ही.

अण्णा एकदाच इकडे आले. मी हौसेने त्यांना वर्कशॉप दाखवायला नेलं. लिफ्ट, टॉर्कचे पाने, निदानाचा लॅपटॉप हे सगळं त्यांनी पाहिलं, पण विचारलं वेगळंच. ‘ही शिकणारी पोरं किती वर्षांची?’ सोळा-सतरा, मी म्हटलं. ‘आन् पगार?’ तोही सांगितला. अण्णा स्वतः बाराव्या वर्षी गॅरेजात लागले होते, रॉकेलमध्ये पार्ट धुवायला, दोन वेळच्या जेवणावर. त्यांच्या हाताखालीही तशीच पोरं होती. त्यांतली काही आज चांगली मिस्त्री आहेत, असं मी लगेच म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मी मात्र अजून तेच म्हणतेय, बहुतेक या लेखातही. जळकं ऑइलही आम्ही गटारात ओतत नव्हतो, सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला डबे भरून न्यायचे.

आणि ज्याची साक्ष काढली त्या देशात अण्णांना स्वतःचं गॅरेज उघडता आलं नसतं. माइस्टरचा किंवा त्याच्या तोडीचा कागद लागतो. कानाला मूठ लावून टॅपेट ओळखता येतो याची नोंद करायला अर्जात रकाना नाही. कोल्हापुरात कागद नाही म्हणून कमी, इथे कागद नाही म्हणून बाहेर. म्हणून गॅरेजं हटवा म्हणणाऱ्यांनी आधी त्या माणसांची परीक्षा घ्यावी, प्रमाणपत्र द्यावं, गाडीखाली उतरायचा खड्डा आणि ऑइलची टाकी असलेली जागा द्यावी. मग खुशाल हटवा.

हे सोफ्यावरून लिहायला सोपं आहे, असं माझा भाऊ म्हणतो. एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेली पद्मिनी अण्णांनी घेऊन उभी केली होती. ती आमच्या दारात आहे. दर पाच वर्षांनी पासिंग, वर जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स. पैसे मी पाठवते. भाऊ म्हणतो, पैशाचं सोड, रांगेत उभं कोण राहतं? त्याच्या मते ती भंगारात द्यावी. तो तिकडे राहतो, अण्णांचं शेवटचं आजारपण त्याने काढलं, तेव्हा त्याच्या मताला वजन आहेच. तरी मी अडून बसले आहे. ती गाडी गेली तर कोल्हापुरात माझ्या हट्टाने टिकलेलं काहीच उरत नाही.

या खेपेचं पासिंग मी स्वतः करणार, सुट्टी टाकलीय, असं त्याला कळवलं. त्याने उलट विचारलं, ‘स्टिअरिंगवरचा गिअर जमतो का तुला?’ जमत नाही. अण्णा शिकवतो म्हणाले होते, तेव्हा माझे बारावीचे क्लास होते. इथली गाडी ऑटोमॅटिक आहे.