‘एमएसकॉन्फिग’मधली ती टिक वेग वाढवत नाही

‘एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची संख्या १ वरून सगळ्यात मोठी करा, विंडोज दुप्पट वेगाने सुरू होईल’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. (एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं हे ठरवणारं विंडोजमधलंच टूल.) दावा चुकीचा आहे.

तिथे १ दिसतो म्हणून विंडोज एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकाच भागावर) चाललंय असं वाटतं. पण चौकोनात टिक नसेल तर तो आकडा लागूच नसतो. सगळे कोअर आपसूक वापरले जातात. टिक केल्यावर लागू होते ती मर्यादा. कमी प्रोसेसरवर चाचणी घेता यावी, यासाठी ती सोय आहे. ८ पैकी ८ निवडले तर फरक शून्य. घाईत ४ निवडले तर निम्मे प्रोसेसर घरी बसले!

शेजारची ‘मॅक्झिमम मेमरी’ (रॅम किती वापरायची याची मर्यादा) त्याहून त्रासदायक. आकडा चुकला की टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा मोठा हिस्सा ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’, म्हणजे विंडोजला वापरता न येणारा, दिसतो, आणि माणूस बिचारा रॅमची पट्टी बदलायला दुकान गाठतो.

टिक केली असेल तर दोन्ही काढा, रीस्टार्ट करा. मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ‘लॉजिकल प्रोसेसर्स’चा आकडा पूर्ण आहे ना, बघा. विंडोज सुरू व्हायला खरंच वेळ लागत असेल, तर त्याच खिडकीतल्या स्टार्टअप टॅबमध्ये नको ती अ‍ॅप्स बंद करा.