चमकणारे प्रथिन म्हणजे रेडिएशनचे मीटर नव्हे

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनामुळे आता रक्ताच्या एका थेंबातून आयुष्यभरात अंगावर पडलेले सगळे रेडिएशन कळते, मग ते एक्स-रेचे असो, सीटी स्कॅनचे की मोबाइल टॉवरचे, आणि ही चाचणी होईपर्यंत स्कॅन टाळा. यातला शेवटचा सल्ला एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो.

जेलीफिशची गोष्ट खरी आहे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ‘एक्वोरिया व्हिक्टोरिया’ या जेलीफिशमधून हिरवे प्रथिन वेगळे केले. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये त्याचे जनुक जिवाणूत आणि सूत्रकृमीत घालून तिथेही ते चमकते हे दाखवले. रॉजर त्सिएन यांच्यासह या दोघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण हे प्रथिन उजळते ते निळ्या किंवा अतिनील प्रकाशात. गॅमा किरण पडले म्हणून नव्हे. रेडिएशनशी त्याचा संबंध असा जोडला जातो: किरणांनी डीएनएला इजा झाली की पेशी काही ठरावीक जनुके चालू करते. ती चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला संशोधक हिरव्या प्रथिनाचे जनुक जोडतात. मग इजा झालेली पेशी काही तासांनी हिरवी दिसू लागते. अशी पेशी प्रयोगशाळेत घडवावी लागते. तुमच्या-माझ्या रक्तात ते जनुकच नाही. शिवाय अतिनील किरणांनी किंवा डीएनए बिघडवणाऱ्या रसायनांनीही ती उजळू शकते. इजा झाली एवढे ती सांगते. कशाने झाली, हे नाही.

रक्ताची गोष्ट बहुधा दुसऱ्याच चाचणीवरून उचललेली आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटतात तिथे ‘एच२एएक्स’ या प्रथिनात रासायनिक बदल होतो. चमकणारा रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रथिनांनी) ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखी दिसते. यात जेलीफिशचा काहीही संबंध नाही. पद्धत मात्र विलक्षण संवेदनशील आहे: २००३ मध्ये रोथकाम आणि लोब्रिख या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत १ मिलिग्रेइतक्या डोसचेही ठिपके मोजले (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या डोसचे एकक, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग). १ ग्रे डोसला एका पेशीत असे साधारण ३५ तुटवे होतात, म्हणजे १ मिलिग्रेला तीसेक पेशींतल्या एकीत एक. किरणांशी संबंध न आलेल्या पेशींतही काही ठिपके असतातच. म्हणून इतक्या कमी डोसला किरणांपूर्वीचा नमुना हाताशी हवा आणि खूप पेशी मोजायला हव्यात. एका थेंबावर झटपट निकाल देणारे हे काम नाही.

‘आयुष्यभराचा हिशेब’ तर इथेच कोसळतो. यातले बहुतेक तुटवे पेशी दिवसभरात दुरुस्त करते, आणि ठिपकेही जातात. गेल्या वर्षीच्या स्कॅनचा माग आज लागणार कसा? गुणसूत्रांतले बिघाड जास्त काळ टिकतात, पण ती तपासणी साधारण १०० मिलिग्रेच्या खाली फारशी उपयोगी पडत नाही.

मोबाइल टॉवरच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन काढण्याइतकी ऊर्जाच नसते. त्यांना एक्स-रेच्या पंक्तीत बसवणे चूक आहे.

आता स्कॅन टाळण्याबद्दल. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरचा परिणाम धरून डोस मोजण्याचे एकक) मिळतात. छातीच्या एक्स-रेचा डोस सहसा ०.१ मिलिसिव्हर्टच्या आत, पोटाच्या सीटीचा १० च्या आसपास. सीटीचा डोस नगण्य नाही, म्हणूनच सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. पण डोक्याला मार लागलेला किंवा आतून रक्तस्राव होत असलेला माणूस एखाद्या चाचणीची वाट पाहू शकत नाही. रेडिएशनजवळ रोज काम करणाऱ्यांचा डोस मोजायला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस नोंदवणारे बिल्ले) आहेत, आणि ते कामावर असताना छातीवर लावलेलेच हवेत. रुग्णाला आपल्या सीटीचा आकडा हवा असेल, तर यंत्र स्वतःच डोसची नोंद ठेवते. रेडिओलॉजी विभागाकडे ‘डीएलपी’ (पूर्ण स्कॅनमधल्या डोसचा यंत्राने नोंदवलेला आकडा) किती होता, असे विचारावे.