चळतीच्या तळातली चादर

एप्रिलच्या दुपारी सोलापुरात शहाणा माणूस पंख्याखाली आडवा होतो. मी मामेभावानं दिलेला जुना एचपी ४८जी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. बेत एवढाच, की पडद्यावर आपल्या चादरीची नागमोडी किनार काढायची. पडदा १३१ बाय ६४ ठिपक्यांचा. चादर कसली, हातरुमालच तो.

या यंत्रात आधी आकडे द्यायचे, कृती शेवटी. दोन, तीन, मग अधिक. मराठी माणसाला हे जड जायला नको. आपणही ‘भाकरी, चटणी’ म्हणून मगच ‘वाढ’ म्हणतो. जड जाते ती आकड्यांची चळत. नवा आकडा तळाशी, पहिल्या ओळीत बसतो आणि जुने वर सरकतात. चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक नेमकी तळातली चादर मागतं, तसा मला नेहमी वरचा आकडा हवा असतो. दुकानदार चळत न पाडता ती ओढतो. इथं त्याला ‘५ रोल’ म्हणतात, पाचवा आकडा पहिल्या ओळीत. मी पहिली ओळ पुसणारं ‘ड्रॉप’ दाबलं आणि हवा तोच आकडा गेला.

रेघ काढणाऱ्या ‘लाइन’ला दोन टोकं लागतात. रेघ मारली की ती दोन्ही गिळून टाकते! आणि नागमोडीत पहिल्या रेघेचा शेवट हाच दुसरीचा आरंभ. दुसऱ्या रेघेला टोक कमी पडलं आणि यंत्र म्हणालं, ‘टू फ्यू आर्ग्युमेंट्स’. आमच्या घरात हे पहिल्यांदाच ऐकलं.

तासभरानं उमगलं. आधी ‘स्वॅप’ करून टोकांची अदलाबदल, मग ‘ओव्हर’नं दुसऱ्या ओळीतल्या टोकाची नक्कल खाली, मग ‘लाइन’. दोन टोकं गिळली तरी एक मागं उरतं. एवढ्यासाठी माझा चहा दोनदा गार झाला.

मामा आले. त्यांचा जन्म मागावर गेलेला. जकार्डच्या भोकाभोकाच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी कशी उतरते हे ते झोपेतही सांगतील. मी ऐटीत प्रोग्रॅम चालवला. किनार लखकन दिसली आणि गायब, पुन्हा आकड्यांची चळत.

“लाइट गेली का रे?” मामा म्हणाले.

“सेलवर चालतं हो, मामा!”

प्रोग्रॅम संपला की यंत्र चित्र आवरून चळतीकडं परततं. चित्र थांबवायला शेवटी ‘७ फ्रीज’ लागतं, ते मी विसरलो होतो. घातलं. किनार थांबली. मामांनी चष्मा कपाळावर ढकलून पडदा डोळ्यांशी नेला, बोटानं नागमोड मोजली.

“बरंय की. आता यात लाल टाक.”