स्थळ पसंत आहे, पण चित्र येत नाही

सोसायटीच्या गणपतीत यंदा व्हिडिओ स्विचर असावा, ही कल्पना चेअरमनसाहेबांच्या जावयाची. जावई बंगळुरूला असतो, त्यामुळे कल्पना द्यायला तो मोकळा आणि वायरी ओढायला आम्ही. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि एक सेट टॉप बॉक्स एका डब्यात शिरणार, मी बटण दाबीन ते चित्र बाहेर पडणार आणि स्टेजच्या प्रोजेक्टरवर, हॉलबाहेरच्या टीव्हीवर आणि ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या टीव्हीवर एकदमच दिसणार, अशी योजना. माझी नेमणूक झाली, कारण मी मागे सेक्रेटरींच्या घरचा राउटर बंद करून पुन्हा चालू केला होता. तेव्हापासून सोसायटीच्या दप्तरी मी 'इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस' आहे. नोकरी बँकेत, कर्ज विभागात.

एचडीएमआय ही नुसती वायर आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तिच्यातून चित्र जाण्याआधी दोन्ही टोकांना रीतसर लग्नाची बोलणी चालतात. लॅपटॉप मुलाकडचा, पडदा मुलीकडचा. वायर जोडली की पडदा आधी आपला बायोडेटा पाठवतो: उंची-रुंदी इतकी, सेकंदाला इतकी चित्रं चालतील, आवाज घेऊ किंवा घेणार नाही. याला ईडीआयडी म्हणतात. तो वाचून मुलगा आपलं रूप ठरवतो. इथवर ठीक. पण आमच्या हॉलमध्ये मुली तीन आणि मध्यस्थ एक, म्हणजे स्प्लिटर, एकच चित्र तिन्ही पडद्यांना वाटून देणारा डबा. मध्यस्थाने तिघींच्या वतीने एकच बायोडेटा पुढे केला आणि तो निघाला प्रोजेक्टरचा, १०२४ बाय ७६८. हा प्रोजेक्टर कोणत्या कमिटीने घेतला हे आता कोणी सांगत नाही. आमचा स्विचर बायोडेटा प्रमाण मानणारा, त्यामुळे नव्याकोऱ्या टीव्हीवरही चित्र आलं ते दोन्ही बाजूंना काळे पट्टे घेऊन. "एवढा पंचावन्न इंची घेतला तो यासाठी का?" असं खजिनदारांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता, फक्त तो मध्यस्थाला विचारायला हवा होता.

कॅमेऱ्यांचं वेगळंच. एक इथला, सेकंदाला ५० चित्रं काढणारा. दुसरा न्यू जर्सीहून गणपतीसाठी आलेल्या भाच्याचा, ६० काढणारा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिकडची ६०ची, आणि टीव्हीचे जुने हिशेब त्या विजेवरच बेतलेले. परिणामी अमेरिकन कॅमेऱ्यातून पाहिलं की आपल्या ट्यूबलाइटी लुकलुकत होत्या आणि बाप्पांच्या मुकुटावर सावल्या वर-खाली सरकत होत्या. दोन काकूंनी हात जोडले. भाच्याने मेनूत शिरून कॅमेरा ५०वर आणला, तेव्हा चमत्कार थांबला आणि त्या काकू जरा नाराजच दिसल्या.

सेट टॉप बॉक्सवर मात्र कोणाचीच मात्रा चालली नाही. आरतीनंतर भारताची मॅच मोठ्या पडद्यावर दाखवायची, हे कार्यक्रमपत्रिकेत छापलं नव्हतं, पण अर्धी सोसायटी त्याच बोलीवर येणार होती. बॉक्स थेट टीव्हीला जोडला की मॅच दिसते, स्विचरमधून नेली की काळाकुट्ट पडदा. इथे बोलणी बायोडेटाच्या पुढे जातात. बॉक्स विचारतो, तुम्ही एचडीसीपीवाले का? म्हणजे चित्राची चोरी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, त्याची किल्ली तुमच्या घराण्यात आहे का? टीव्हीच्या घराण्यात असते. कार्यक्रमाचं चित्रण करायला बनवलेल्या बऱ्याच स्विचरांच्या घराण्यात नसते, आणि तशी ती मुद्दामच नसते. हे मी सेक्रेटरींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आपण महिन्याचे पैसे भरतो ना?" या वाक्याला एचडीसीपीकडेही उत्तर नाही.

आवाजाचं खातं साउंडवाल्या भाऊंचं. त्यांनी मिक्सर मांडला, माईकच्या कॅनन पिना खटाखट लावल्या, आणि माझ्या लॅपटॉपची वायर लावताक्षणी सगळ्या हॉलभर 'हूंऽऽऽ' सुरू झालं. "दादा, तुमची अर्थिंग लागतेय," भाऊ म्हणाले. झालं होतं असं की लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीच्या बोर्डात आणि मिक्सर समोरच्या भिंतीच्या. दोघांना अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी मिळत होती आणि आवाजाची वायर त्या दोन वाटा जोडत होती. त्या चक्रातून घरची ५० हर्ट्झची वीज गाऊ लागली. चार्जर काढला की गाणं बंद. पण बॅटरी ११ टक्के. ए विंगच्या एका अनुभवी काकांनी चार्जरची अर्थची पिन पक्कडीने तोडायचा उपाय सुचवला. याने ते 'हूंऽऽऽ' जातं हे खरं आहे, वेळ आली तर माणूसही जातो. शेवटी दोन्ही एकाच बोर्डावर आणले. त्यासाठी जो एक्स्टेन्शन बोर्ड काढला त्यावर मोदकांची उकड गरम ठेवणारा कुकर होता. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे देत नाही.

मग उशिराचा प्रश्न. कॅमेऱ्यातलं चित्र स्विचरमधून प्रोजेक्टरपर्यंत पोचायला थोडा वेळ खातं. टप्प्याटप्प्याला एकदोन फ्रेमा अडकतात. स्पीकर वाट पाहत नाही. त्यामुळे पडद्यावर निवेदिकेचे ओठ मिटलेले आणि नमस्कार मात्र ऐकू आलेला. आवाज उशिरा सोडावा, तर स्टेजवरची खरी निवेदिका समोरच उभी! पडद्याशी जुळवावं तर निवेदिकेशी बिनसतं. मागच्या रांगांची मात्र निसर्गानेच सोय केलेली असते: आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. जे गेटपाशी चहाच्या टेबलाजवळ उभे राहून कार्यक्रम बघतात, त्यांना ओठ आणि शब्द अगदी जुळलेले दिसतात. यजमान पुढच्या सोफ्यावर, त्यांना सगळ्यात वाईट.

लहान मुलांचा नाच सुरू झाला आणि गाणं लागलं. ढोलकी दणदणीत, बासरी स्वच्छ, गायिका गायब. लॅपटॉपच्या स्टिरिओ वायरीला भाऊंच्या पोऱ्याने मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घुसवलं होतं. तिथे मिक्सर डाव्या आवाजातून उजवा वजा करतो, आणि मुख्य गायकाचा आवाज बहुधा दोन्हींकडे सारखाच असल्याने वजाबाकीत शून्य उरतं. मी दुसरी वायर घेऊन मिक्सरकडे निघालो, तोवर सी विंगचे काका स्टेजवर पोचले होते. तीन मीटिंगांमध्ये 'वेळ नाही' म्हणून त्यांच्या गाण्याला नकार मिळाला होता. त्यांनी निवेदिकेच्या हातून माईक घेतला आणि दुसऱ्या कडव्यापासून गायिकेची जागा सांभाळली. मुलं नाचत राहिली. टाळ्या पडल्या. माझ्या हातातली वायर भाऊंनी हळूच घेऊन खिशात घातली.

पुढचं गाणंही काकांनीच मागून घेतलं, त्यापुढचंही. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि आमचा दिवस त्या सवलतीतला नव्हता. दहाच्या ठोक्याला भाऊंनी मिक्सरवरचे सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे सरकते दांडे, खाली ओढले. काका थांबले नाहीत. नियमात लाउडस्पीकरचा उल्लेख आहे, काकांचा नाही, असं बघून पोलीस मित्रांनीही खुर्च्या घेतल्या.