ई२० असू द्या, पण एक नोझल जुन्या गाड्यांसाठी ठेवा

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवा, अशी मागणी करणारी जनहित याचिका १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, ई२०ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, विरोध करणं म्हणजे ऊसवाल्याच्या पोटावर पाय, कारण इथेनॉल उसापासूनही बनतं. दुसरा म्हणतो, गाड्यांचं वाटोळं झालं. माझ्या मामांचा वाळव्यात ऊस आहे आणि त्यांच्याच दारात एक प्रीमियर पद्मिनी ही जुनी गाडीही उभी आहे. मला दोन्हींची काळजी वाटते.

मी लेस्टरला राहतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०. पण ९७ ऑक्टेनच्या 'सुपर'मध्ये इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच असतं (ई५), आणि कुठल्या नोझलमधून काय येतं ते तिथेच लिहिलेलं असतं. सरकारच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीला ई१० चालेल का, हेही बघता येतं. सुपर महाग पडतं, पण माझ्या १९६८च्या मॉरिस मायनरसाठी मी तेच भरतो.

ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जाणारी रबरी नळी वाकवली की बारीक भेगा उघडायच्या. आतून रबर चिकट झालेलं, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत काळा भुगा. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. शिवाय ते हवेतली ओल ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा तिथूनच गंजायला लागतो. पद्मिनी तर अख्खा पावसाळा कव्हरखाली असते!

म्हणून मामांना सांगितलंय: सगळ्या नळ्या व्हायटनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला. इथेनॉलमुळे टाकीतला जुना थर सुटून येतो, तेव्हा सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. गाडी उभीच राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन (हवेच्या मानाने इंधन कमी पडून) इंजिन तापतं. जेट (कार्बोरेटरमधलं इंधन सोडणारं बारीक भोक) बदलायला लागेल का, ते कार्बोरेटर जाणणाऱ्या मेकॅनिकलाच विचारा.

इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा लवकर येतो आणि उसाचं बिल निघतं, हे मामा सांगतात ते मला पटतं. पण नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच म्हटलंय की ई०साठी (इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी) बनलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२०वर ६-७ टक्क्यांनी घटतं. पद्मिनी तर ई१०साठीही जुळवलेली नाही. जास्त पैसे मोजून ई५ घेणारे थोडेच निघतील, तेवढ्याने उसाची मागणी पडणार नाही. मोठ्या शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या पंपावर असा एक नोझल ठेवायला सरकारने तेल कंपन्यांना सांगावं. तोवर निदान प्रत्येक नोझलवर इथेनॉलची टक्केवारी ठळक मराठीत लिहायला लावावी.