मटारच्या त्या बरण्या आधी माळ्यावरून खाली काढा

संक्रांत होते, गड्डा यात्रेची गर्दी ओसरते आणि सोलापूरच्या मंडईत मटाराचे ढीग लागतात. टोमॅटोचा भावही पडलेला असतो. नेमक्या याच दिवसांत तो मेसेज फिरायला लागतो: ‘महागाईवर रामबाण उपाय. फ्रीज नको, प्रिझर्व्हेटिव्ह नको. आजीच्या पद्धतीने मटार, मक्याचे दाणे, घेवडा बरणीत भरा आणि वर्षभर खा.’ खाली कृती असते. काचेच्या बरणीत दाणे भरायचे, वर मिठाचं पाणी ओतायचं, झाकण लावून बरणी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची. पुढे टोमॅटो, तेलातला लसूण, बरणीतला केक अशी यादी चालूच राहते.

दोन वर्षं मी हा मेसेज वाचून सोडून देत होते. परवा आत्याचा फोन आला. तिने मटाराच्या बरण्या भरून माळ्यावर ठेवल्यात आणि त्यातल्या दोन पुण्याला हॉस्टेलवर असलेल्या मुलाला पाठवणार आहे, कारण ‘त्याला मेसचं जेवण आवडत नाही.’ आता गप्प बसणं शक्य नाही. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

‘वीस मिनिटं उकळलं की सगळे जंतू मरतात.’

मरत नाहीत. या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, म्हणून सगळ्यात जास्त हिच्याबद्दलच लिहिते.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो. मातीत पिकलेल्या कुठल्याही भाजीवर त्याचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे त्या जिवाणूने स्वतःभोवती घट्ट कवच करून झोपी जाणं. हे कवच उकळत्या पाण्याला दाद देत नाही. भाजी ताजी खाल्ली तर मोठ्या माणसाला त्यांचा सहसा काही त्रास होत नाही. पण हवा नाही, ओल आहे, आंबटपणा नाही आणि घरातली ऊब आहे, असं ठिकाण मिळालं की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. मिठाच्या पाण्यात बुडालेला, झाकण घट्ट बसलेला, माळ्यावर ठेवलेला मटार म्हणजे अगदी असंच ठिकाण. वीस मिनिटं उकळून आपण त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे साधे जंतू तेवढे मारतो आणि यांना मोकळं रान देतो.

यावर अमेरिकेच्या कृषी खात्याचं काम सगळ्यात पक्कं आहे, कारण तिथे घरोघरी बरण्या भरतात आणि त्यापायी माणसं मेलीही आहेत. आंबट नसलेल्या भाज्यांना दाबाखालचीच उष्णता लागते, हे त्यांनी १९१७ मध्येच सांगितलं. त्यांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे या बीजाणूंसाठी साधारण ११६ ते १२१ अंश सेल्सियस तापमान लागतं. तेच काम नुसत्या उकळत्या पाण्यात करायचं तर सात ते अकरा तास लागतील. मेसेज सांगतो वीस मिनिटं!

त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. इथे पाणी शंभर अंशालासुद्धा उकळत नाही, थोडं आधीच उकळतं. भांडं कितीही मोठं घ्या, गॅस कितीही वाढवा, उघड्या भांड्यातलं पाणी त्याच्या वर जाणार नाही. त्याच मार्गदर्शिकेत हिरव्या मटारासाठी आपल्या उंचीला १५ पौंडांच्या दाबाखाली ४० मिनिटं दिलेली आहेत, तीही कॅनरमध्ये, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवण्यासाठी खास बनवलेल्या मोठ्या भांड्यात.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं, मग आमच्या कुकरमध्ये करतो की, दहा शिट्ट्या जास्त देतो. प्रश्न रास्त आहे. पूर्ण दाब धरला तर कुकरमध्ये १२१ अंशांच्या आसपास तापमान जातंही. पण त्या ४० मिनिटांचा हिशोब मोठ्या कॅनरच्या हळूहळू तापण्याला आणि हळूहळू निवण्याला धरून केलेला आहे. आपला पाच लिटरचा कुकर पटकन तापतो, पटकन निवतो आणि प्रत्येक शिट्टीला दाब खालीवर होतो. बरणीच्या मधोमध असलेल्या दाण्याला पुरेशी उष्णता मिळाली की नाही, हे शिट्ट्या मोजून कळत नाही. घरगुती छोट्या कुकरसाठी तपासून ठरवलेली वेळ त्या मार्गदर्शिकेत नाही, म्हणून कुकरातही नको.

अतिशयोक्ती वाटत असेल तर एप्रिल २०१५ मध्ये ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावी काय झालं ते वाचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, त्याचा अहवाल प्रसिद्ध केलेला आहे. चर्चमध्ये सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणून जेवण केलं. ७७ जण जेवले. त्यातल्या बटाट्याच्या सॅलडमधले बटाटे कोणीतरी घरी बरणीत भरून ठेवलेले होते. दाबाच्या कॅनरऐवजी उकळत्या पाण्यात, म्हणजे आपल्या मेसेजमधल्याच पद्धतीने. २९ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाने होणारा आजार झाला, एक जण दगावला. ज्याने ते बटाटे आणले, त्यानेही ते प्रेमानेच आणले असतील.

‘हे सगळं तिकडचं, आपल्याकडे होत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेतल्या मुलांना बेसनाच्या शेवेतून बोट्युलिझम झाला होता. तिथे याच जातकुळीचा दुसरा जिवाणू सापडला. आपल्याकडे हा आजार फार दिसत नाही याचं एक कारण बहुधा हे, की आपण आजवर भाज्या अशा बरण्यांत भरत नव्हतो.

‘झाकण आत दबलं म्हणजे माल सुरक्षित.’

झाकण आत दबलं याचा अर्थ आतली हवा निघून गेली आणि झाकण नीट बसलं. याच्यापलीकडे काही नाही. या जिवाणूला हवा नकोच असते. तेव्हा कच्च्या राहिलेल्या मटारावर घट्ट बसलेलं झाकण त्याच्याच सोयीचं.

‘खराब झालं तर वासाने कळतंच.’

कळेलच असं नाही. बरणी फुगू शकते, वास येऊ शकतो, पण विष असूनही दाणे दिसायला, वासाला, चवीला चांगले असू शकतात. ‘जरा चाखून बघते’ ही आपल्या बायकांची सवय इथे जीव घेऊ शकते, कारण या विषाचा अगदी थोडा अंश पुरतो.

‘मिठाने टिकतं.’

मीठ भरपूर असेल तर टिकतं. दहा टक्क्यांच्या आसपास मीठ असलेल्या पाण्यात हा जिवाणू वाढत नाही. मेसेजमध्ये बरणीला एक चमचा मीठ आहे, ते चवीपुरतं झालं. खरोखर टिकण्याइतकं मीठ घातलेला मटार धुऊन धुऊनही उसळीत घालता येणार नाही.

‘ही आजीची पद्धत आहे.’

याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आपल्या आज्यांकडे फ्रीज नव्हता आणि तरी घरात वर्षभराचं सामान असायचं, एवढा भाग खरा आहे, मान्य करते. पण त्यांनी काय काय ठेवलं ते आठवा. कुरडया, सांडगे, पापड, भरून वाळवलेल्या मिरच्या: यांतलं पाणी सोलापूरच्या उन्हाने काढून घेतलेलं. कैरीचं लोणचं: कैरी मुळात आंबट, वर मीठ सढळ हाताने. साखरांबा, गुळांबा: आंबट फळ आणि पाकात साखर एवढी की जंतूला पाणीच मिळू नये. आमसुलं, चिंचेचे गोळे: आंबट आणि वर वाळवलेले. आणि आपली शेंगाचटणी, तीही कोरडी. ओली, आंबट नसलेली भाजी झाकणबंद करून कोनाड्यात ठेवलेली मी तरी कोणाच्या आजीच्या घरी पाहिली नाही. त्यांना जिवाणूचं नाव ठाऊक नव्हतं, पण काय टिकतं आणि काय नाही हे पिढ्यान्‌पिढ्या पारखून ठरलेलं होतं. त्यांच्या नावावर ही कृती खपवणं हा त्यांच्या शहाणपणाचा अपमान आहे.

मेसेजमध्ये पुढे ‘नेपोलियनच्या सैन्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेली पद्धत’ असंही आहे. म्हणजे आजीची की फ्रेंच, ते तरी एकदा ठरवा. तो फ्रेंच म्हणजे निकोला अपेर, आणि तो मिठाया करणारा माणूस होता. १८१० मध्ये त्याने आपली पद्धत छापून जाहीर केली आणि फ्रेंच सरकारकडून त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं, हे खरं. पण अन्न का नासतं आणि का टिकतं हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. सूक्ष्मजंतूंचं काम पाश्चरने दाखवलं ते त्यानंतर अर्ध्या शतकाने.

‘टोमॅटो आंबटच असतो, त्यात काही घालायची गरज नाही.’

अर्धं खरं आहे. टोमॅटो आंबट असतो, पण काठावरचा. आंबटपणा पीएच या मापाने मोजतात, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. सुरक्षिततेची रेषा पीएच ४.६ ला आहे आणि काही टोमॅटो त्या रेषेच्या पलीकडे जातात, विशेषतः जास्त पिकलेले. म्हणून उकळत्या पाण्याच्या पद्धतीने टोमॅटो भरता येतो, पण आंबटपणा वाढवूनच: अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड. कुस्करून गरमच भरलेल्या टोमॅटोला, आपल्या उंचीवर, पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून पूर्ण ४० मिनिटं. बरणी पाण्यात पूर्ण बुडालेली हवी. त्यात कांदा, लसूण, मिरची घालायची नाही, कारण त्याने आंबटपणा कमी होतो आणि हिशोब बिघडतो. एवढं पाळायचं नसेल तर प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा किंवा फोडी करून गच्चीवर कडकडीत वाळवा. पोहे-आमटीला वाळलेला टोमॅटो फार छान लागतो.

‘सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवा, महिनाभर ताजा.’

नको. लसूण जमिनीत वाढतो, आंबट नसतो आणि तेलाने हवा तोडली जाते. मटारासारखंच सगळं जुळून येतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलातल्या चिरलेल्या लसणातूनच ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. अख्खा गड्डा टोपलीत टांगून ठेवला तर महिनाभर सहज राहतो, मग तेल कशाला?

‘गाजराचा केक बरणीतच भाजा, गरम असताना झाकण लावा, सहा महिने टिकतो.’

हाही तोच प्रकार. केकचा मधला भाग ओला असतो, आंबट नसतो आणि वर आपण हवा बंद करतो. शिवाय साधी काचेची बरणी कोरड्या उष्णतेत तडकते, ते वेगळंच. असा केक करून ठेवायचा नसतो, दोन-तीन दिवसांत संपवायचा असतो.

पण केकच्याच मुद्द्यात एक गोष्ट बरोबर सांगितली आहे, ती नाकारणार नाही. केकला ओव्हन लागत नाही. कुकरच्या तळाला मीठ पसरायचं, वर स्टँड, त्यावर डबा, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढून मंद आचेवर पाऊण तास. रव्याचा, गुळाचा केक उत्तम होतो. ज्वारीचं पीठ घ्यायचं तर निम्मी कणीक हवीच, नाहीतर केक भुसभुशीत होऊन तुटतो. फक्त मेसेजमध्ये ‘शिट्टी लावूनच’ लिहिलंय ते खोडून टाका. आत पाणी नसताना कुकर बंद करून तापवायचा नसतो. आणि नानकटाईचे डबे जवळच्या भट्टीवर नेऊन भाजून आणण्याची आपली जुनी रीत या सगळ्याहून स्वस्त आहे.

‘फ्रोझन मटारने कॅन्सर होतो’ यावर मी वेळ घालवणार नाही. गोठवल्याने कॅन्सर होत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. फेब्रुवारीत स्वस्त असलेला मटार जूनमध्ये परवडत नाही, त्यातूनच हा मेसेज लोकांना भावतो. फ्रीजर असेल तर दाणे दीड मिनिट उकळत्या पाण्यात टाका, लगेच थंड पाण्यात काढा, कपड्यावर कोरडे करून पिशव्यांत भरून गोठवा. लाईट फार जात नसेल तर पुढच्या हंगामापर्यंत पुरतात. फ्रीजर नसेल तर तसेच उकळून धोतराच्या कापडावर गच्चीत वाळवा. आपल्याकडचं ऊन यासाठी पुरेसं आहे. दाणा खडखडीत वाजला पाहिजे. आणि तेवढाही खटाटोप नको असेल तर वाण्याकडे सुका हिरवा वाटाणा बारा महिने मिळतो. रात्री भिजत घातला की सकाळी उसळ. बरण्या, झाकणं आणि तासभर जळणारा गॅस धरला तर तोच सगळ्यांत स्वस्त पडतो.

ज्यांनी बरण्या आधीच भरल्यात त्यांनी त्या उघडू नयेत, चाखू नयेत, गाई-कुत्र्यांनाही घालू नयेत. जाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. आत्याला हेच सांगितलं. तिला पाच-सहा किलो मटाराचं वाईट वाटलं, तरी तिने टाकल्या.

आणि कोणी त्यातलं खाल्लेलं असेल तर पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. त्रास बहुधा अर्ध्या ते दीड दिवसात सुरू होतो, कधी आठवडाही लागतो. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, जीभ अडखळणं, घास गिळता न येणं, मग हातपाय लुळे पडणं. ताप नसतो, त्यामुळे अशक्तपणा म्हणून सोडून दिलं जातं. यातलं एकही लक्षण दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि तिथे पोचल्यावर डॉक्टरांना पहिल्यांदा बरणीतलं काय खाल्लं, कधी खाल्लं ते सांगा. त्याच्यावरचं प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितकं लुळेपण तिथल्या तिथे थांबतं.