खुलासा : नवतपात सूर्य जवळ येत नाही

नवतपा म्हणजे मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस. ‘नवतपात सूर्य पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो, म्हणून नागपूर तापतं’ हा मेसेज परवा मीही पुढे ढकलला होता. तो चुकीचा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. तेव्हा आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो!

खरं असं, की २६ मेच्या आसपास दुपारी १२.१०च्या सुमारास सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो. गच्चीत पाइप उभा करून बघा, सावली बुडाशीच गडप होते. त्यात माती ठणठणीत कोरडी. कुलरच्या ताट्या ओल्या असल्या की उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. सुकल्या की नुसती झळ. जमिनीचंही तसंच. तो मेसेज कृपया आता पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा.